रविवारचं रक्त

मंगळवार, २३ एप्रिल

पहिल्या नळ्या आज फिरवल्या. वर फिक्कट पिवळं, स्वच्छ सिरम, खाली लाल गोळा. बघतच राहिले.

गरोदर बाईच्या रक्तात चरबी वाढतेच. पोटातल्या जिवाला पोसायचं असतं, शरीर साठा करतं. पण ज्यांचं बीपी चढतं, लघवीतून प्रथिनं जातात, पुढे झटकेही येतात, त्यांची ट्रायग्लिसराइडं बाकीच्यांपेक्षा जास्त निघतात. हे मोठ्या देशांतल्या लोकांनी त्यांच्या बायकांची मोजून लिहिलंय. टोंगाच्या बायकांची कोण मोजणार? मी मोजणार. बीपी असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही गट. डॉ. मोआलांनी होकार दिलाय. प्रसूती विभाग त्यांचाच.

अट एकच — रक्त उपाशी पोटी हवं. तानिएला हसून हसून खोकायला लागले. लॅबचे प्रमुख ते. म्हणाले, "पोरी, आपल्या बायकांना उपाशी पोटी या म्हणणं म्हणजे माशाला कोरडा ये म्हणणं!"

मग खुर्ची ओढून नीट समजावलं. रविवारी चर्च, मग उमू, जमिनीतली भट्टी, उघडायची. तारोच्या पानांत मटण आणि नारळाचं घट्ट दूध घालून भाजलेलं लू. उरलेलं सोमवारी सकाळी गरम करायचं आणि मगच हॉस्पिटलची बस पकडायची. "सोमवारचं सिरम बघ तू. नारळाचं दूध! मी त्याला रविवारचं रक्त म्हणतो. मशीनमध्ये घालूच नकोस, आकडा वेडावाकडा येतो. फेकायचं, गुरुवारी परत बोलवायचं."

मी ते माझ्या प्रबंधाच्या पद्धतीत लिहूनही टाकलं — सोमवारचे दुधाळ नमुने बाद. शास्त्रशुद्ध वाटलं.

शनिवार, २७ एप्रिल

कोलोंगाला, दादाच्या गावी, जाऊन आले. फुसीवहिनीला सातवा लागलाय. लग्नाला सहा वर्षं झाल्यावर हे पहिलं. घरात कुणी मोठ्याने बोलत नाही त्याबद्दल, जणू ऐकू गेलं तर बिनसेल.

मी पुढच्या दारातून आत, दादा मागच्या दाराने बाहेर. नेहमीचंच. मी मोठी झाल्यापासून आम्ही एका छपराखाली बसलेलो नाही. भावाबहिणीची मर्यादा! अंगाचं, दुखण्याचं, संसाराचं अक्षर एकमेकांसमोर काढायचं नाही. दादा वयाने मोठा, पण बहिणीचा मान वरचा, म्हणून उठून जायचं त्याने. मग तो फणसाच्या — ब्रेडफ्रूटच्या — झाडाखाली उभा राहून ट्रकचं काहीतरी खटपटत बसतो, आणि मला खिडकीतून त्याची पाठ दिसते. सुव्हाला शिकत होते तेव्हा वर्गातल्या फिजीयन मुली भावांशी फोनवर भांडायच्या, हसायच्या. मी ऐकत बसायचे.

फुसीला सॅम्पलबद्दल विचारलं तर तिने लगेच दंड पुढे केला. "टोचा वन्सं, तुमच्या कामाला येत असेल तर टोचा." माझ्याहून आठ वर्षांनी मोठी आहे. मला अहो-जाहो करते, माझ्यासमोर चटईच्या कडेला बसते. नवऱ्याची बहीण ना मी. मला लाज वाटते या सगळ्याची. तिला म्हटलं, "मला कालो म्हण गं." तोंडावर हात ठेवून हसली. नाहीच म्हणाली.

बीपी उत्तम. सिरम स्वच्छ. बीपी नसलेल्या गटात घातली.

रविवार, ५ मे

फाका-मे, लेकरांचा रविवार. सगळीकडची लेकरं पांढऱ्या कपड्यांत चर्चमध्ये ओळी म्हणत असणार. माझी ड्युटी. आत्या, जिच्याकडे मी राहते, कोलोंगाला गेलीये. माझ्या वाट्याचंही खाऊन येणार!

सोमवार, ६ मे

ज्याची भीती तेच. फाका-मेची मेजवानी सगळ्या शहराच्या रक्तात. तीन नळ्या दुधाळ. त्यातली एक फुसीची.

खरं तर तिचा वार नव्हताच आज. सोमवारी येऊ नका असं सगळ्यांना सांगून ठेवलंय, तरी आली. चेहरा जरा सुजल्यासारखा वाटला, पण सातव्या-आठव्यात कुणाचा नसतो. लॅबमध्ये गर्दी. तानिएला नेहमीप्रमाणे ओरडले, "काय फुसी, लू किती हाणलंस काल?" सगळे हसले. तीही मान खाली घालून हसली. मी घाईघाईत रक्त काढलं. तिला काहीतरी बोलायचं होतं का? उभी राहिली होती थोडी. मग मागे रांग होती म्हणून गेली.

नळी फिरवली तर वर दाट पांढरं. खरवडून काढावं असं. तानिएलांनी लांबूनच बोट दाखवलं — "रविवार!" कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली. पुढच्या आठवड्यात केव्हातरी परत बोलवू.

गुरुवार, ९ मे

बीपी असलेल्या गटाची सरासरी दुसऱ्या गटाच्या जवळजवळ दीडपट!  अजून नमुने थोडे आहेत, एवढ्यात काही म्हणायचं नाही, हे सगळं मला कळतं. पण समजा — समजा पाचव्या-सहाव्या महिन्यातच रक्त बघून सांगता आलं, या बाईवर लक्ष ठेवा म्हणून? लांबच्या बेटांवर डॉक्टर नाही, बोट आठवड्यातून एकदा. तिथल्या बाईचं एका नळीवर भलं झालं तर?

आमच्या घरात याआधी कुणी पदवी घेतली नाही. आता वाटतं, ती कशासाठी घेतली ते कळायला लागलंय.

शनिवार, ११ मे

आत्या मंगळवारपासून धुसफुसतेय. ताट जोरात ठेवते. काय झालं विचारलं तर, "मला कोण विचारतंय." बाबांची मोठी बहीण. तिच्या शब्दापुढे बाबाही गप्प असायचे. आता मी तिच्याच घरात राहते, तेव्हा मी तर गप्पच.

रविवार, १२ मे

जेवताना आत्याचं तोंड उघडलं. शब्द जसेच्या तसे लिहून ठेवते.

"तुझ्या वहिनीला शिष्टपणा शिकवलास तो तूच. मी गेले फाका-मेला, मी, तुझ्या दादाची, सोसाइआची आत्या! पहाटेपासून उमू माझ्या देखरेखीखाली. तिच्यासाठी मुद्दाम लू वेगळं बांधलं, चरबी बघून बघून. तर बाईसाहेबांनी बोट लावलं नाही. शेजारच्या पोरांना वाटून टाकलं माझ्या डोळ्यांदेखत. का तर म्हणे, उद्या वन्संकडे रक्त द्यायचंय. संध्याकाळी नाही, रात्री नाही. सोमवारी सकाळी नुसतं पाणी पिऊन ट्रकमध्ये बसली. असला अपमान माझा कुणी केला नव्हता!"

ताट बाजूला सारलं.

तिने काही खाल्लंच नव्हतं. ते लू नव्हतं. ते तिचं स्वतःचं रक्त होतं.

दोन आठवड्यांपूर्वी स्वच्छ आणि गेल्या सोमवारी तसं! मी तिचं बीपीसुद्धा घेतलं नाही. नमुना बाद, मग बीपी कशाला.

फोन केला. दादाने उचलला. "वहिनीला दे." "पडलीये." "दादा, तिचं डोकं दुखतं का? डोळ्यांपुढे अंधारी येते का?"   असलं काही मी त्याला जन्मात विचारलेलं नव्हतं. मग सरसर आवाज — फोन चटईवर, तिच्या कानाशी ठेवून तो निघून गेला. फुसीचा आवाज झोपेतला: "मी बरी आहे वन्सं. तुम्ही जेवलात?"

आज बस नाही. रविवारी रस्त्यावर काहीच नाही. आत्याला म्हटलं, "तू दादाला फोन कर, तुझं तो ऐकेल. आत्ता हॉस्पिटलमध्ये आणायला सांग." आत्या म्हणाली, "पोटात कळ आली असेल, उपास बाधला. तुमच्या सुया टोचून टोचून बाईचं रक्त पाणी झालंय. आणि भाच्याशी मी त्याच्या बायकोच्या अंगाचं बोलू? तुला सुव्हात लाज विकून आल्यासारखं झालंय."

डॉ. मोआलांना फोन लावला. म्हणाल्या, "उद्या पहाटे जा आणि बीपी घे. दीडशेच्या वर असेल तर तिथे चहा पीत बसू नकोस, घेऊन ये."

सोमवार, १३ मे

सगळं क्रमाने लिहिते. नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

पहिल्या बसने गेले. बीपीचं मशीन पिशवीत. फुसी कुशीवर पडलेली, उजवी बरगडी दाबून धरलेली. हाताची बोटं केळ्यांसारखी. मला बघून उठायला लागली, मला बसायला चांगली चटई शोधायला! दाबूनच झोपवली. एकशे शहात्तर, एकशे चौदा. परत घेतलं. तेच.

"डोकं?"

"थोडं."

"कधीपासून?"

 "वन्सं, तुम्ही काही खाल्लंय का सकाळपासून?"

दादा मागच्या दारातून निघाला होता. मी त्याच्या मागून गेले. मागच्या दारातून, त्याच्या मागे! शेजारीण कपडे वाळत घालायची थांबली. तो चालतच राहिला, मी चालतच राहिले. झाडापाशी तो थांबला, पाठ माझ्याकडे. मी त्या पाठीला म्हटलं:

"सोसाइआ." दादा म्हटलं नाही. "तुझ्या बायकोचं रक्त दुधासारखं झालंय. तिचं यकृत दुखतंय. बीपी इतकं आहे की आत्ता झटका येऊ शकतो. पोटातलं आणि ती, दोघं जातील. तुला ऐकायला लाज वाटत असेल तर वाटू दे, मलाही वाटतेय. पण ऐक."

मान वळली नाही. कान मात्र लालभडक झालेले दिसले. मग तो ट्रककडे गेला आणि इंजिन सुरू केलं. 

फुसीला आम्ही दोघींनी — शेजारीण आणि मी — मागे गाद्यांवर निजवलं. मी तिच्याजवळ बसले. सबंध रस्ता दादाने आरशातसुद्धा पाहिलं नाही. पण खड्डा आला की ट्रक असा हळू जाई, जसा काही अंड्यांची टोपली घेऊन चाललाय.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यातच झटका आला. मी आजवर पुस्तकात वाचला होता. तानिएला लॅबमधून पळत आले, त्यांनी तिचं डोकं धरलं. मग झटके थांबवायला मॅग्नेशियम, मग ऑपरेशन.

मुलगी. रडली. आवाज मांजराच्या पिल्लासारखा. पण रडली.

मंगळवार, १४ मे

फुसीचं रक्त मीच लावलं मशीनवर. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. ट्रायग्लिसराइड अकराच्या वर. बाकी बायकांची सरासरी तीनच्या आसपास आहे. प्लेटलेट्स घसरलेल्या, यकृताचे आकडे वाईट.

तानिएला मागे उभे होते.  मग म्हणाले, "रविवार मी म्हणालो होतो." मी पद्धतीची वही काढली. ते म्हणाले, "आत्ताच्या आत्ता तो नियम खोड. माझ्या नावावर खोड."

खोडला. आता दुधाळ नळी निघाली की आधी माणसाला विचारायचं, आणि बीपी घेतल्याशिवाय सोडायचं नाही. एवढं सोपं होतं.

बुधवार, १५ मे

डॉ. मोआलांना विचारलंच. त्या सोमवारी मी ती नळी टाकली नसती तर?

त्यांनी चष्मा काढून पुसला. "नुसत्या ट्रायग्लिसराइडवर मी कुणालाही दाखल करत नाही, कालोलाइने. चरबीमुळे हा आजार होतो की आजारामुळे चरबी चढते, ते अजून कुणी छातीठोक सांगत नाही. तुझ्या प्रबंधातही सांगू नकोस." मग चष्मा परत लावून: "पण तिला बोलावून बीपी बघितलं असतं. औषध सुरू झालं असतं. बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं देता आली असती. आठवडा मिळाला असता."

खोटं बोलल्या नाहीत. त्यांचे उपकार मानते.

गुरुवार, १६ मे

फुसी शुद्धीवर. पहिलं वाक्य: "वन्सं, किती दमलाय तुम्ही."

बाळाच्या काचपेटीशी मी गेले की दादा बाहेर जातो. तो आला की मी जाते. दोघं आळीपाळीने तिला बघतो. ती एवढी लहान आहे की तिची बोटं पूर्ण झालेली असणं हेच आश्चर्य वाटतं.

शुक्रवार, १७ मे

बाळ सकाळी गेलं.

शनिवार, १८ मे

कोलोंगालाच पुरली, आजोबांच्या शेजारी, पांढऱ्या वाळूत. भावाची लेक, म्हणून तिच्या उशाशी बसायचा मान माझा. हा मान मला नको होता. बसले.

आत्या आली.  स्वतःच्या पेटीतलं नगातू आणलं होतं, सालीचं रंगवलेलं कापड, तिच्या लग्नातलं. ते एवढं मोठं आणि बाळ एवढं छोटं. चार घड्या करून गुंडाळलं तरी उरत होतं. मग माझ्या शेजारी बसली आणि माझा हात घट्ट धरून ठेवला, शेवटपर्यंत.

दादा खड्ड्यापाशी होता. मी लांब. तेवढं अंतर आम्ही आजही सोडलं नाही.

सोमवार, २० मे

राग मावळत नाही. लिहूनच टाकते.

वहिनीचं डोकं एका दिवसात दुखायला लागलं नसणार. तो एका घरात राहतो तिच्याबरोबर. त्याला दिसलं नाही? दिसलं, पण तोंड उघडायचं नाही. का तर बहिणीशी असलं बोलायचं नसतं! मी डिग्री घेऊन बसलेय, बसच्या अंतरावर, आणि माझ्या भावाला माझ्याशी एक वाक्य बोलता आलं नाही. मी मोडली ना मर्यादा? अख्ख्या गल्लीदेखत मोडली. आभाळ कोसळलं का? त्याने आठवडाभर आधी मोडली असती तर आज ती काचपेटीत असती. वाळूत नसती.

मी नळी फेकली, ती माझी चूक. माझ्या नावावर आहे, राहील. पण त्याचं गप्प बसणं त्याच्या नावावर.

शुक्रवार, २४ मे

आज एका बाईची नळी दुधाळ. वावाउ बेटावरची, नवऱ्याकडच्यांबरोबर आलेली. "काही खाल्लंय?" लाजून हसली. आता मी हसण्यावर थांबत नाही. बाहेर बाकावर नेलं, शेजारी बसले, सासूला चहा आणायला पाठवलं, परत विचारलं. "पाव आणि कॉर्न बीफ. रागावू नका." बीपी घेतलं, उत्तम होतं. दोघी हसलो. मग मी संडासात जाऊन रडले.

बुधवार, २९ मे

डॉ. मोआला म्हणतात काम थांबवू नकोस. थांबवत नाहीये. फुसीचा नमुना कोणत्या गटात घालायचा? सुरुवातीला बीपी नव्हतं. मग झालं. मधला नमुना माझ्याकडे नाही. तिच्या नावापुढे तेवढी जागा रिकामी राहणार. का रिकामी, तेही लिहिणार.

शनिवार, १ जून

कोलोंगा. दादा मागच्या दाराने गेला. मी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

फुसी चटई विणत होती. विणता विणता आपणहून बोलली. डोकं फाका-मेच्या आधीपासून दुखत होतं. तिने दादाला सांगितलं होतं. दादा म्हणाला: मला तिच्याशी हे बोलता येत नाही आणि तुला नणंदेपुढे कुरकुर करता येत नाही. पण तू दोन दिवस काही खाऊ नकोस, रक्त एकदम स्वच्छ दे. सोमवारीच जाऊ. माझी बहीण रक्त वाचते. तिला कळेल.

लॅबच्या दारापर्यंत तोच सोडायला आला होता.

मग दोघांनी माझ्या फोनची वाट पाहिली. फोन आला नाही. म्हणून निर्धास्त झाले.